‘पाटा’, ‘हवा’ आणि ‘पासिंग’ : पिकअप मोटारीस समायोज्य हवा-स्प्रिंग बसविण्याची रीत व तिची परिभाषा

१. प्रास्ताविक

तांत्रिक परिभाषेचा विचार आपल्याकडे बहुधा कोशाच्या अंगाने होतो. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे त्याचा संस्कृतोद्भव पर्याय, आणि त्या पर्यायाच्या शुद्धाशुद्धतेविषयी थोडा वाद, एवढ्यावर हा विचार बहुशः थांबतो. परंतु तांत्रिक शब्दाची खरी कसोटी कोशात लागत नाही. तो वाचून माणूस हाताने काय करतो, यावर ती लागते. यासाठी एखादी मर्यादित, हाताळता येण्याजोगी क्रिया घेऊन तिच्यातील वस्तू, व्यापार आणि शब्द यांचा परस्परसंबंध तपासणे उपयुक्त ठरते. प्रस्तुत लेखात अशी एक क्रिया निवडली आहे : मागील बाजूस पोलादी पाटे असलेल्या पिकअप मोटारीस हवेच्या दाबावर चालणारी, दाब कमीअधिक करता येणारी साहाय्यक स्प्रिंग बसविणे.

ही क्रिया मुख्यतः अमेरिकेतली. तेथे पिकअप हे शेतकऱ्याचे, कारागिराचे आणि सहलीस निघालेल्या कुटुंबाचेही वाहन आहे. एरवी रिकामी धावणारी हीच गाडी प्रसंगी मागे मोठा ट्रेलर ओढते. रिकाम्या व भरलेल्या स्थितींतील या अंतरामुळेच हवा-स्प्रिंगची गरज उत्पन्न झाली. मराठी अभ्यासकाने या विषयात लक्ष का घालावे, याचे उत्तर लेखाच्या सहाव्या भागात येईल. येथे इतकेच म्हणता येईल की, या यंत्रभागाची नावे लोकांना एक सांगतात आणि यंत्र दुसरेच करते. त्या दोहोंतील अंतर केवळ शब्दशास्त्राच्या कुतूहलाचा विषय नाही. भरल्या गाडीच्या ब्रेकशी त्याचा संबंध आहे.

२. ‘लटकणे’ आणि ‘बसणे’

‘सस्पेंशन’ या इंग्रजी शब्दाचे मूळ लॅटिनमध्ये असून त्याचा अर्थ ‘खाली लटकविणे’ असा आहे. सतराव्या शतकातील युरोपीय बग्ग्यांची बैठक कातडी पट्ट्यांनी चौकटीस खरोखरच टांगलेली असे, आणि त्या काळी हा शब्द वस्तुस्थितीस धरून होता. पुढे पोलादी स्प्रिंगा आल्या. १८०४ मध्ये ओबडाया इलियट याने लंबवर्तुळाकार स्प्रिंगेचे पेटंट घेतले. टांगलेली बैठक गेली, पण नाव राहिले. आजच्या मोटारीत सांगाडा स्प्रिंगांवर बसलेला असतो, लटकलेला नसतो. मराठीत शास्त्रीय पर्याय म्हणून ‘निलंबन’ हा शब्द योजला जातो. तो मूळ शब्दाशी प्रामाणिक आहे. म्हणजेच मूळ शब्दातील कालबाह्य चित्रही तो इमानाने उचलतो. शिवाय सामान्य वाचकास ‘निलंबन’ म्हटले की प्रथम सरकारी नोकर आठवतो, गाडी नव्हे.

याउलट कारखान्यातील मराठी पाहावी. आपल्या पारंपरिक बैलगाडीला स्प्रिंग नव्हती. आख थेट साटीखाली असे. साहजिकच या वस्तूस घरचा जुना शब्द नव्हता. टांगा-बग्गीबरोबर ‘कमान’ हा फारसीतून आलेला, मूळ धनुष्यवाचक शब्द स्प्रिंगेच्या अर्थाने रूढ झाला. मालमोटारींच्या बरोबर ‘पाटा’ आला. हा शब्द संस्कृत ‘पट्ट’पासून आलेल्या आपल्या जुन्या कुळातील असून ‘पाटा-वरवंटा’ या जोडीत तो घरोघर परिचित आहे. इंग्रजीने याच वस्तूस ‘पान’ म्हटले. मराठीने त्यातील चपटेपणा व भार सोसण्याची शक्ती पाहिली. आणि क्रियापद मिळाले ते ‘बसणे’ : ‘गाडी मागून बसली’, ‘पाटे बसले’. पहिल्या वाक्यात भाराने तात्पुरते दबणे आहे, दुसऱ्यात पोलादाची कायमची विकृती आहे. एकाच क्रियापदाने कर्ता बदलून हा भेद व्यक्त होतो, ही गोष्ट लक्षणीय आहे. कारण हवा-स्प्रिंग पहिल्या व्याधीवरील उपाय आहे, दुसऱ्या व्याधीवरील नव्हे. बसलेले पाटे बदलावेच लागतात.

३. पोलादी पाटा आणि हवेची स्प्रिंग

पाटा दोन कामे करतो. एक, तो वाकून भार तोलतो. दुसरे, तो आख जागच्या जागी धरून ठेवतो. चाक पुढेमागे किंवा आडवे सरकू देत नाही. या दुसऱ्या कामाकडे सहसा दुर्लक्ष होते. पण हवेच्या फुग्यास ते मुळीच साधत नाही. म्हणून पाटे पूर्णपणे काढून केवळ हवेवर गाडी उभी करावयाची तर आख धरून ठेवणारे स्वतंत्र दांडे जोडावे लागतात. उलट, पाटे तसेच ठेवून त्यांच्या जोडीस फुगा दिला तर आख धरण्याचे काम पाट्याकडेच राहते आणि वाढीव भार तेवढा फुगा घेतो. पहिल्या प्रकारास ‘पूर्ण हवा-सस्पेंशन’ व दुसऱ्यास ‘साहाय्यक हवा-स्प्रिंग’ म्हणावे. पिकअपला नंतर बसविली जाते ती बहुतेक वेळा दुसऱ्या प्रकारची. व्यवहारात मात्र दोहोंनाही एकच नाव मिळते, आणि येथूनच गैरसमजाचा आरंभ होतो.

पोलादी पाट्याची अडचण एका उदाहरणाने स्पष्ट होईल. आकडे समजुतीसाठी कल्पिलेले आहेत. समजा, मागील दोन्ही पाटे मिळून दर ८० किलोग्रॅमला १ सेंटिमीटर दबतात, आणि रिकाम्या गाडीचा ५०० किलोग्रॅम भार त्यांवर आहे. पाटे ६.२५ सेंटिमीटर दबतील व गाडीचे स्वाभाविक आंदोलन सेकंदास सुमारे २ होईल. आता आणखी ७०० किलोग्रॅम भार घातला. एकूण १,२०० किलोग्रॅमला पाटे १५ सेंटिमीटर दबतील. म्हणजे गाडी ८.७५ सेंटिमीटर ‘बसली’, आणि आंदोलन सेकंदास १.३ वर आले. नाक वर, शेपूट खाली अशी ही स्थिती होते. पुढील दिव्यांचा झोत समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो, पुढील चाकांवरील भार घटून स्टिअरिंग हलके पडते, आणि खड्ड्यात आख सांगाड्याखालील रबरी ठोकळ्यावर आदळतो. पाटे जाड करून हे टाळता येते. पण मग रिकामी गाडी असह्य हादरे देते. पोलादाचा ताठरपणा ठरीव असतो, हीच त्याची मर्यादा.

हवेचे तसे नाही. बंद फुग्यातील हवेचा दाब आणि ज्या क्षेत्रावर तो कार्य करतो ते परिणामी क्षेत्र यांचा गुणाकार म्हणजे फुग्याने उचललेला भार. वरील उदाहरणात प्रत्येक बाजूस ३५० किलोग्रॅम भार फुग्याने घ्यावयाचा आहे. फुग्याचे परिणामी क्षेत्र १५० चौरस सेंटिमीटर धरले तर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २.३ किलोग्रॅम, म्हणजे चौरस इंचास सुमारे ३३ पौंड दाब पुरेल. साध्या टायरात भरतो तितकीच ही हवा. भार उतरला की हवा सोडावी; पाटे पूर्ववत मऊ. शिवाय दाबाबरोबर हवेचा ताठरपणाही वाढतो, त्यामुळे भरलेल्या गाडीचे आंदोलन रिकाम्या गाडीच्या जवळपास राहते. बॉइलच्या नियमापासून हे सारे निष्पन्न होते. भेद इतकाच की, खड्ड्यातील झटका क्षणार्धात होत असल्याने उष्णता बाहेर पडण्यास अवधी मिळत नाही, आणि हवा त्या नियमाने सांगितल्यापेक्षा अधिक ताठ वागते. वळ्यावळ्यांच्या फुग्याचे परिणामी क्षेत्रही दबण्यासरशी बदलते, हे ध्यानात ठेवावे.

येथे आणखी एका चुकीच्या नावाचा निर्देश आवश्यक आहे. ‘शॉक ॲब्सॉर्बर’ धक्का शोषतो असे नाव सांगते. वस्तुतः धक्का घेते ती स्प्रिंग. ॲब्सॉर्बर हा स्प्रिंगेचे मागाहून होणारे हेलकावे शमवितो. ब्रिटिश इंग्रजीतील ‘डॅम्पर’ हे नाव यादृष्टीने अधिक अचूक आहे. हवेच्या फुग्यात हे शमन नगण्य असते. म्हणून फुगा बसविल्यावरही ॲब्सॉर्बर राहतोच, आणि तो झिजलेला असेल तर फुग्याने गाडी सुधारण्याऐवजी अधिक डोलू लागते.

४. अल्प इतिहास

मोटारीस हवेवर तोलण्याचे प्रयत्न जुने आहेत. अमेरिकेतील फायरस्टोन कंपनीने १९३० नंतरच्या दशकात रबरी हवा-स्प्रिंगेवर काम केले. १९४९ मध्ये मिशिगन राज्यातील लान्सिंग येथे एअर लिफ्ट ही कंपनी स्थापन झाली. ग्रेहाउंड कंपनीच्या १९५४ च्या ‘सीनिक्रूझर’ बसगाड्या हवेवर चालत. १९५७ च्या कॅडिलॅक एल्डोराडो ब्रोअम या महागड्या मोटारीत ही योजना मुळातच अंतर्भूत होती. पण खाजगी मोटारींत गळतीच्या तक्रारींमुळे ती त्या वेळी टिकली नाही. बस व मालमोटार यांत मात्र ती स्थिरावली. २०१३ च्या रॅम १५०० पिकअपला चारही चाकांवर हवा-स्प्रिंग कारखान्यातूनच मिळू लागली. महाराष्ट्रातील प्रवाशास हिचा परिचय झाला तो एस.टी.च्या ‘शिवनेरी’ गाड्यांमधून.

५. बसविण्याची रीत

साहाय्यक संचात मागील आखासाठी दोन फुगे, त्यांस वरून सांगाड्याला व खालून आखाला जोडणाऱ्या पोलादी बैठका, यू-बोल्ट, हवेच्या बारीक नळ्या आणि टायरासारखे व्हॉल्व्ह असतात. काम सपाट फरशीवर, गाडी रिकामी असताना करावयाचे. आरंभी प्रत्येक चाकाच्या मध्यापासून वरील कमानीच्या कडेपर्यंतचे अंतर मोजून लिहून ठेवावे. पुढील सर्व समायोजन या आकड्यावर अवलंबून असल्याने ही पायरी गाळता येत नाही.

नंतर सांगाडा जॅकने उचलून पक्क्या घोड्यांवर टेकवावा. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नये. आख थोडा खाली उतरला की सांगाडा व आख यांमध्ये फुग्यास जागा होते. सांगाड्याखालचा रबरी ठोकळा बहुधा याच जागी असतो. पुष्कळ संचांत तो काढून तेथेच वरची बैठक येते. ही बैठक सांगाड्यास मुळात असलेल्या छिद्रांतून आवळली जाते. नवे छिद्र पाडणे किंवा वितळजोड करणे टाळावे, कारण सांगाड्याची शक्ती त्याने घटू शकते. खालची बैठक आखावर अथवा पाट्यांच्या थप्पीवर यू-बोल्टने बसते. ब्रेकची नळी, विजेच्या तारा व मूळ यू-बोल्ट यांपैकी काहीही बैठकीखाली चिरडले जात नाही ना, हे हाताने चाचपून पाहावे.

फुगा वरखाली सरळ रेषेत असावा. फुगल्यावर त्याचा घेर वाढतो. तेव्हा त्याच्या सभोवार किमान अर्ध्या इंचाची मोकळी जागा हवी. सायलेन्सरची नळी जवळून जात असल्यास मध्ये उष्णतारोधक पत्रा द्यावा. रबराचे दोन शत्रू, घर्षण आणि उष्णता. गळणाऱ्या फुग्यांत यांपैकी एकाची खूण बहुधा सापडते.

नळी धारदार पात्याने काटकोनात कापावी. कात्रीने ती चेपते व लांबट होते, आणि तिरकस टोक जोडणीत नीट बसत नाही. नळी जोडणीत शेवटपर्यंत दाबून मग किंचित मागे ओढून पाहावी. ती वळणात दुमडू नये, धारदार कडेवरून जाऊ नये, आणि आखाच्या हालचालीपुरती सैल असावी. सर्व जोडल्यावर संचाच्या पत्रकातील कमाल मर्यादेच्या आत हवा भरून प्रत्येक सांध्यावर साबणाचे पाणी लावावे. बुडबुडा आला तर गळती. रात्रभर ठेवून दाब पुन्हा मोजावा.

हवा भरण्याची व्यवस्था तीन प्रकारची असते. पहिल्या प्रकारात पेट्रोलपंपावर टायराप्रमाणे हवा भरतात. दुसऱ्यात गाडीतच विजेवर चालणारा छोटा कॉम्प्रेसर असून चालकासमोर दाबमापक व बटणे असतात. त्याची तार फ्यूज व रिले यांमधूनच न्यावी. तिसऱ्या प्रकारात आखास जोडलेली लहान दांडी उंचीतील बदल ओळखून हवा आपोआप भरते वा सोडते. प्रत्येक खड्ड्यास तिने प्रतिसाद देऊ नये, यासाठी तिच्यात हेतुतः विलंब ठेवलेला असतो.

दोन्ही फुगे एकाच नळीने जोडावे की स्वतंत्र, हा प्रश्न काटकसरीचा वाटला तरी तसा नाही. एकच नळी असेल तर वळणावर बाहेरील दबलेल्या फुग्यातून हवा आतील मोकळ्या फुग्याकडे जाते. नेमका ज्या बाजूस आधार हवा तिथला तो निघून जातो आणि गाडी अधिक कलते. उंच भाराच्या गाडीस हे घातक ठरू शकते. म्हणून दोन स्वतंत्र नळ्या योग्य. एका बाजूस जड भार असल्यास दाब वेगवेगळाही ठेवता येतो.

समायोजनाचा क्रम असा : प्रथम भार भरावा, मग आरंभी लिहून ठेवलेली उंची येईपर्यंत हवा भरावी. त्याहून वर गाडी चढवू नये. भार उतरण्यापूर्वी हवा काढू नये, उतरल्यावर ती ठेवूही नये. तथापि फुगा पूर्ण रिकामा करावयाचा नाही. चौरस इंचास ५ ते १० पौंड इतका किमान दाब, संचाच्या पत्रकात सांगितल्याप्रमाणे, राहावा. नाहीतर रबर दोन बैठकांमध्ये चिमटले जाऊन फाटते.

६. ‘क्षमता’ या शब्दाचा घोटाळा

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. अमेरिकेत ‘लोडलिफ्टर ५०००’ या नावाचा एक संच मिळतो. नावातील ५,००० हे पौंड आहेत. कंपनी त्यांस ‘भार समतल करण्याची क्षमता’ म्हणते, आणि या संचाने गाडीची निर्धारित भारमर्यादा वाढत नाही असेही स्पष्ट बजावते. परंतु ‘भार उचलणारा’ हे नाव, त्यापुढे हजारांचा आकडा, आणि ‘क्षमता’ हा शब्द, या तिहींच्या संगतीने वाचकाच्या मनात वेगळाच अर्थ उभा राहतो. फोर्ड एफ-१५० सारख्या ‘अर्धा-टनी’ गाडीची भारमर्यादा या आकड्याच्या निम्म्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असते. (‘अर्धा-टनी’ हेही ‘सस्पेंशन’प्रमाणे जीवाश्म झालेले नाव आहे, आजच्या या गाड्या अर्ध्या टनाहून अधिक भार घेतात.) ग्राहक पाहतो की, फुगे फुगविल्यावर भरलेली गाडी सपाट उभी आहे. बसलेली गाडी हा अतिभाराचा डोळ्यांना दिसणारा इशारा होता; फुग्याने तो पुसला, अतिभार मात्र तसाच राहिला.

एका ‘क्षमता’ शब्दात येथे तीन स्वतंत्र राशी एकवटल्या आहेत. पहिली, फुगा स्वतः किती भार पेलू शकतो. दुसरी, भाराखाली गाडीची उंची किती राहते. तिसरी, संपूर्ण गाडीने किती भार न्यावा अशी उत्पादकाने घातलेली मर्यादा. फुगा पहिली राशी पुरवितो व दुसरी सुधारतो; तिसरीस तो स्पर्शही करीत नाही. कारण ती टायर, रिम, बेअरिंग, आख, सांगाडा आणि ब्रेक यांतील सर्वांत दुबळ्या भागावरून ठरते, आणि यांपैकी एकही भाग फुग्याने बदललेला नाही. टायरवर पडणारा भार गाडी बसलेली असो वा सपाट, जवळजवळ तितकाच असतो. अमेरिकेत ही मर्यादा चालकाच्या दाराच्या चौकटीजवळील पट्टीवर छापलेली असते.

ब्रेकच्या बाबतीत तर हानीचीच शक्यता आहे. काही गाड्यांत मागील ब्रेकला किती जोर द्यावा हे आख व सांगाडा यांतील अंतरावरून ठरविणारा एक व्हॉल्व्ह असतो. अंतर कमी म्हणजे गाडी भरलेली, तेव्हा ब्रेकला जोर अधिक. अंतर अधिक म्हणजे गाडी रिकामी, तेव्हा जोर कमी. फुग्याने भरलेली गाडी वर उचलली की हा व्हॉल्व्ह तिला रिकामी समजतो आणि नेमक्या भरल्या गाडीच्या मागील ब्रेकचा जोर कमी करतो. उंचीवरून भार ओळखण्याची चूक येथे यंत्र करते. तीच चूक माणूस डोळ्यांनी करतो. अशा गाडीत त्या व्हॉल्व्हची फेरजुळणी उत्पादकाच्या सूचनेनुसार केल्याखेरीज फुगे वापरू नयेत.

७. मराठी परिभाषेविषयी सूचना

अशा संचाचे पत्रक मराठीत आणावयाचे झाल्यास ‘भारक्षमता’ हा शब्द तीनही राशींसाठी वापरण्याचा मोह होईल. कोशाच्या दृष्टीने त्यात दोष नाही; व्यवहाराच्या दृष्टीने तो अपघातास निमंत्रण आहे. सुदैवाने आपल्या मालवाहतुकीच्या बोलीत तिसऱ्या राशीस एक स्वतंत्र, निःसंदिग्ध शब्द आहे : ‘पासिंग’. ‘गाडी किती टन पासिंग?’ या प्रश्नाचे उत्तर गाडीच्या कागदांत असते, गाडीच्या ताकदीविषयीच्या कोणाच्या मतात नव्हे. इंग्रजी क्रियापदापासून बनलेला हा शब्द मूळ भाषेत या अर्थाने चालत नाही. तो आपल्याकडील नोंदणीच्या व्यवहाराने घडविला आहे. त्यातील अधिकृत मान्यतेची छटा ‘क्षमता’ या शब्दात मुळीच नाही. म्हणून पहिल्या राशीस ‘फुग्याचा पेल’, दुसरीस ‘भरलेली उंची’ आणि तिसरीस ‘पासिंग’ असे तीन वेगळे शब्द योजावेत.

‘एअरबॅग’ हा शब्द टाळावा. मराठी वाचकाच्या मनात तो अपघातसमयी फुगणाऱ्या उशीशी बांधला गेला आहे. ‘हवा-स्प्रिंग’ हा संकर शुद्धतावाद्यांस रुचणार नाही, परंतु त्याने वस्तूचे कार्य तत्काळ कळते. ‘सस्पेंशन’ तसाच ठेवावा. पाटा तर आपलाच आहे. तसेच भारतात अशा फेरफारापूर्वी १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाचे कलम ५२ पाहणे आवश्यक आहे. नोंदणीपत्रातील तपशिलाशी विसंगत बदल त्यान्वये करता येत नाहीत.

सारांश, परिभाषाकाराने इंग्रजी शब्दास प्रतिशब्द शोधण्याआधी त्या एका शब्दाखाली किती वस्तू दडल्या आहेत ते मोजले पाहिजे, आणि त्यांपैकी कितींना कारखान्यातील व रस्त्यावरील मराठीने आधीच नावे दिली आहेत ते विचारले पाहिजे. प्रस्तुत प्रकरणी पत्रकाच्या शिरोभागी ठळक अक्षरांत छापण्यास योग्य असे वाक्य त्या मराठीतच लिहिता येते : फुग्याने गाडीची उंची वाढते, पासिंग वाढत नाही.